पाय मोडला, नेम मोडू नये



कीर्तनकाराने आपल्या देहाची कहाणी लोकांपुढे मांडू नये, असा आमच्या पाठशाळेतील गुरुजींचा दंडक होता. तो दंडक मी चाळीस वर्षे पाळला. आज मोडतो आहे, आणि तो का, हे लेख संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईल. गेल्या फाल्गुन शुद्ध दशमीला पहाटे न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि माझ्या उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले. पुढे कार्तिकीपर्यंत मी जे शिकलो, त्यातले काही ग्रंथातले, काही डॉक्टरांचे आणि काही स्वतःच्या मूर्खपणातून मिळालेले आहे. ज्याला पायी वारी करावयाची, त्याला पायाचे ज्ञान हवे, म्हणून हा पाठ.

मी राहतो ते गाव रिद्धपूर, मोर्शी तालुक्यातले. गाव महानुभाव पंथाचे. श्रीगोविंदप्रभू येथलेच. म्हाइंभटांनी लीळाचरित्र तेराव्या शतकात येथेच लिहिले आणि महदाइसेने रुक्मिणीविवाहाचे धवळे येथेच रचले. २०२४ साली येथे मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले. अशा गावात माळकऱ्याचे घर म्हणजे थोडे वेगळे. पण माझे शेजारी रोज ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात, मी ‘रामकृष्णहरि’ म्हणतो, आणि दोघांचाही दिवस चांगला जातो. त्या पहाटे माझी हाक प्रथम ऐकली ती त्यांनीच.

पडल्याबरोबर काय करावे

घरात गर्दी झाली. कोणी म्हणाले, तेल लावून चोळा. कोणी म्हणाले, अमुक गावचा हाड बसवणारा आणा, तो एका झटक्यात पाय ओढतो. माझ्या शेजाऱ्यांनी सगळ्यांना बाजूला सारले. “महाराजाच्या पायाले कोनी हात लावू नोका. चोळू तं बिलकूल नोका.” त्यांनी दोन बांबूच्या कामट्या आणल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना गोधडीची घडी घातली आणि गुडघ्याच्या वरपासून टाचेपर्यंत धोतराच्या पट्ट्यांनी पाय बांधला. घट्ट नव्हे, हलू नये इतकाच. मग मला बाजेसकट गाडीत घातले आणि अमरावतीला नेले.

मंडळी, हे त्यांनी केले म्हणून पुढचे निभावले. मोडलेल्या हाडाची टोके धारदार असतात. चोळल्याने किंवा ओढल्याने ती टोके मांसात, शिरांत, कधी कातडीबाहेर येतात. नडगीच्या पुढच्या अंगाला मांस नाही, नुसती कातडी आहे; म्हणून तेथे हे भय अधिक. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये, स्वच्छ कापडाने झाकावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. पाणी किंवा अन्न देण्याचीही घाई करू नये. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे बरे.

ग्रंथ काय म्हणतो

बाजेवर पडल्यावर पोथ्या काढल्या. प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. मराठीत ‘जांघ’ म्हटले म्हणजे मांडीच्या वरचा भाग. संस्कृतात ‘जंघा’ म्हणजे गुडघ्याखालचा, आणि मांडीला ‘ऊरु’. तेव्हा माझा झाला तो जंघाभंग.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाचा पंधरावा अध्याय मोडलेल्या हाडांच्या लक्षणांचा व चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय त्यांच्या उपचाराचा आहे. सुश्रुताचार्य सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगतात. कोवळी हाडे वाकतात, नळीसारखी मोडतात, कवटीसारखी फुटतात, दात तडकतात, असा हाडाहाडाचा स्वभाव ते वेगळा दाखवितात. उपचाराच्या पायऱ्या चार: ताणणे, दाबणे, टोकाला टोक जुळविणे आणि बांधणे. बांधण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबूच्या कामट्या. माझ्या शेजाऱ्यांनी संहिता वाचलेली नाही. पण कामट्या आणल्या त्या बांबूच्याच.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली अशी की बंध सैल असेल तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक होतो, हे आचार्य स्पष्ट सांगतात. दुसरी अशी की जंघा किंवा ऊरु मोडलेल्याला त्यांनी फळीवर निजवायला सांगितले आहे. त्या फळीला पाच खुंट्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळपायाशी एक. कशासाठी? पाय हलू नये म्हणून. एवढ्यासाठीच!

आणि काळ किती? तारुण्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. मी साठी ओलांडलेला. म्हणजे माझ्या वाट्याला तीन महिने. ही ओळ मी विद्यार्थ्यांना शिकविली होती. ती आपल्यालाही लागू आहे, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आजचे शास्त्र काय म्हणते

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि आतले हाड बाहेरून दिसू लागले. प्लॅस्टरचा बंध त्याआधी, १८५२ च्या सुमारास, हॉलंडमधील मॅथायसन या लष्करी डॉक्टरांनी प्रचारात आणला. मोडलेल्या नळीत पोलादी सळई घालण्याची रीत जर्मनीच्या कुंट्शर यांनी १९३९ मध्ये सुरू केली. आज नडगी व मांडीच्या कितीतरी मोडींना तीच सळई बसवितात. ती बसविलेल्यांना डॉक्टर पुष्कळदा लवकर उभे करतात. माझी मोड सरळ होती, टोके सरकली नव्हती; म्हणून मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घातले. तेव्हा एकाचा नियम दुसऱ्याने उचलू नये. “त्यांना तर पंधरा दिवसांत चालवले” हे वाक्य घातक आहे.

हाड जुळते कसे? डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखविले. मोडल्याबरोबर तेथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कूर्चेसारखा सांधा धरतो. तो दुखत नाही, म्हणून रोग्याला वाटते झाले बरे. पण त्यात अजून बळ नसते. पुढच्या आठवड्यांत त्यात चुना भरत जातो, तो कठीण होतो. मग महिनोन्महिने, कधी वर्षे, शरीर ती गाठ घासून-पुसून मूळच्या आकारास आणते. प्रौढ माणसाच्या नडगीला सामान्यतः तीन ते चार महिने, कधी जास्तही लागतात, कारण तेथे रक्ताचा पुरवठा तोकडा आहे. बघा, सुश्रुताचार्यांचा तिप्पट काळ आणि हा हिशेब किती जवळ येतो!

माझी चूक

आता दंडक मोडण्याचे कारण सांगतो.

पाचवा आठवडा चालू होता. वेदना जवळजवळ गेली होती. जवळच्या एका गावी हनुमानजयंतीचा सप्ताह होता आणि काल्याचे कीर्तन बावीस वर्षे माझ्याकडे. मंडळी भेटायला आली तेव्हा म्हणालीसुद्धा, “महाराज, तुमी बसून दोन शब्द सांगा, पुरे.” पण माझ्या मनाने घेतले की प्रवचन बसून असते, कीर्तन उभ्यानेच, काल्याला कीर्तनकार बसला असे कधी झाले आहे काय? चैत्री पौर्णिमेला मला खुर्चीवरून नेले. टाळ वाजू लागले, मृदंगावर थाप पडली, आणि मी कुबड्या बाजूला ठेवून उभा राहिलो. दीड तास. शेवटी तर पावलीही धरली. लोक रडले. म्हणाले, काय ही निष्ठा!

रात्री पाय ठणकू लागला. दोन दिवसांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढले. धरलेला मऊ सांधा दुखावला होता आणि हाड किंचित वाकले होते. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “महाराज, आषाढीला तुम्हाला एस.टी.ने पाठवायचे मी ठरवले होते. आता मोजणी पहिल्यापासून.” हाड पुन्हा सरळ करून नवे प्लॅस्टर घातले. आणखी आठ आठवडे.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा शेजारी संत्र्याच्या बागेतून आले होते. आमच्या भागात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. ते म्हणाले, “महाराज, डोळा बांधला का मानूस त्याले रोज सोडून पाह्यते काय? पाह्यलं का मेला. बांधाचं अन् इसरून जाचं.” माझ्या सगळ्या पोथ्यांचे सार या एका बोलण्यात होते.

मग बाजेवर पडून विचार केला. त्या दिवशी उभा राहिला तो कोण? भक्त की ‘बावीस वर्षांचा काल्याचा मानकरी’? कोणी मला भाग पाडले नव्हते. लोक रडले त्याचे सुख झाले होते, हे मी येथे लिहून ठेवतो. त्या सुखासाठी पाय वाकला आणि आषाढी गेली. म्हणून म्हणतो, निष्ठा आणि अहंकार यांचा वेष अगदी सारखा असतो; ओळख पटते ती फळावरून.

पूर्वपक्ष आणि उत्तर

येथे कोणी शंका घेईल की हाड मोडले ते प्रारब्धाने, मग इतका खटाटोप कशाला? त्याला उत्तर असे. पडणे प्रारब्धाचे मानले तरी पडल्यानंतर पाय चोळायचा की बांधायचा, हे क्रियमाण आहे. ते आपल्या हाती आहे. दुसरा म्हणेल, देह नाशवंत, त्याचे इतके कौतुक का? बाबा रे, नाशवंत असला तरी टाळ धरतो तो हाच देह, आणि चंद्रभागेपर्यंत पोचवतो तो हाच पाय. भाड्याची बैलगाडी झाली तरी तिची कणी आपण तपासतोच ना?

तिसरी शंका खरी आणि कठीण आहे: वारी चुकली, त्याचे काय? ज्याची वारी कधी चुकली नाही त्याला हा घाव हाडापेक्षा खोल लागतो. मला लागला. ज्येष्ठात कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघाली त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तेव्हा दोन गोष्टींनी सावरले.

एक तर २०२० आणि २०२१ ही साले आठवा. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीला गेल्या, आणि लाखो वारकरी घरी राहिले. त्या दोन वर्षी आपण सर्वांनी नेम मोडला काय? नाही. देश-काल पाहून नेमाचे रूप बदलले, नेम राहिला.

दुसरे म्हणजे कूर्मदास. पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते, अशी कथा परंपरेने सांगतात. पंढरीची ओढ लागली म्हणून तो जमिनीवरून सरकत निघाला आणि लऊळपर्यंत पोचून थकला. पुढे त्याला जाता येईना, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीस आला. सोलापूर जिल्ह्यात लऊळला त्याचे स्थान आहे. ही कथा मी शंभर वेळा रंगवून सांगितली होती. बाजेवर कळले की तिचा अर्थ ‘लंगडत का होईना पण जाच’ असा नाही. जेवढे चालवते तेवढे चालणे आपले, उरलेले त्याचे.

घरच्यांनी व रोग्याने पाळावयाचे नियम

प्लॅस्टर असताना पहिले काही दिवस पाय उशांवर, छातीहून थोडा उंच ठेवावा, सूज उतरते. बोटे दिवसातून अनेक वेळा हलवावी. बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा औषधानेही न थांबणारी ताणाची वेदना वाढत गेली, तर उजाडण्याची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा. घट्ट बंधाविषयी सुश्रुताचार्य जे सांगतात ते हेच. तसेच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखून दम लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संभव असतो. तेथेही घडीभर दवडू नये.

प्लॅस्टर भिजवू नये. आत खाज सुटली म्हणून विणायची सुई, छत्रीची काडी घालू नये. कातडी फाटून आत पू होतो. कुबड्यांचा भार तळहातांवर घ्यावा, काखेत नव्हे. काखेतील नसा दबून हात लुळा पडू शकतो. एका हातात काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी. पायऱ्या चढताना आधी धडका पाय, उतरताना आधी दुखरा. मंदिराला पायऱ्या असतात, म्हणून हे पाठच करावे.

आहार साधा, पण भरीव हवा. दूध, दही, ताक, तूर-मूग-हरभरा, शेंगदाणे, तीळ, राजगिरा, हिरवी भाजी. मांसाहार नसला तरी हाड जुळते. मात्र डाळ-दुधात काटकसर नको. एकादशी सोडा असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर राहू नये, दूध, दही, राजगिरा, शेंगदाणे घ्यावे. सकाळी ओसरीवर उन्हात बसावे. हाडाला चुना पचवून देणारे जीवनसत्त्व अंगावरच्या उन्हाने तयार होते. कांडवेल म्हणजे हाडजोडी आपल्याकडे देतात. डॉक्टरांना सांगून घ्यायला हरकत नाही, पण ती प्लॅस्टरच्या ऐवजी नव्हे.

आणि तंबाखू. माळ घातली म्हणून आपण दारू-मांस सोडतो; पण तंबाखूची डबी मात्र माळेशेजारीच कनवटीला असते. माझ्याही होती. कीर्तनाला उभे राहण्याआधी चिमूटभर हवीच. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत, हे डॉक्टरांनी वारंवार पाहिले आहे. तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आखडते, आणि नडगीला रक्त आधीच कमी. दुसरे प्लॅस्टर झाले त्या दिवशी डबी शेजाऱ्यांच्या हाती दिली. ती परत मागितली नाही.

साठीनंतर उभ्याउभ्या पडून हाड मोडले तर एवढ्याने का मोडले हेही विचारावे. हाडे आतून विरळ झालेली असू शकतात. पाळी गेलेल्या मायमाउल्यांत हे फार. त्याची तपासणी व औषध आहे. एक पाय जुळला आणि वर्षाने खुबा मोडला, असे होऊ देऊ नये. न्हाणीत खडबडीत फरशी, भिंतीला धरायला दांडी, रात्री दिवा, इतके तर कोणीही करू शकतो.

पुन्हा पहिले पाऊल

ज्येष्ठ पौर्णिमेला प्लॅस्टर निघाले. आतला पाय पाहून सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. काठीसारखा बारीक, कातडी सुकलेली, गुडघा ताठ. पुष्कळांचा धीर येथे सुटतो. पण हे रोगाचे नव्हे, विश्रांतीचे लक्षण आहे. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती दाबायची, घोटा वर-खाली करायचा, असा व्यायाम तीनदा नेमाने सुरू झाला. किती भार टाकावा हे शिकवायला त्यांनी वजनाचा काटा दिला: प्रथम पाच-दहा किलो, पुढे डॉक्टर सांगतील तसे.

तेव्हा सुश्रुताचार्यांचा आणखी एक उपाय आठवला. तळहात मोडलेल्याला ते प्रथम मातीचा गोळा धरायला सांगतात, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. माती, मीठ, दगड! बळाला पायऱ्या असतात. मी चैत्रात मातीच्या आधी दगड उचलला होता.

आषाढी एकादशीला घरीच होतो. संध्याकाळी ओसरीवर बसून हरिपाठ म्हटला. समोरच्या बाजेवर शेजारी येऊन बसले. त्यांचा पंथ वेगळा, विठ्ठलाची उपासना त्यांच्यात नाही. पण संपेपर्यंत उठले नाहीत. जाताना म्हणाले, “आज तुमचा मोठा दिस नं? एकटं काहून बसाचं?” त्या आषाढीला मला भेटायला कोण आले होते, हे मी कोणाला समजावून सांगणार नाही.

चातुर्मासभर बसून प्रवचन केले. कार्तिकीला एस.टी.ने पंढरपूरला गेलो, काठी टेकीत दर्शन घेतले. पाय किंचित आखूड पडतो, पावसाळी हवेत ठणकतो. परत आल्यावर त्याच गावी कीर्तन झाले. उभ्याने, पण अर्धा तासच. पुढचा भाग खुर्चीवर बसून. लोक रडले नाहीत. नीट ऐकत मात्र होते.

तात्पर्य इतकेच की मोडलेले हाड शक्तीने जुळत नाही, स्वस्थ राहण्याने जुळते. आणि स्वस्थ राहणे हीसुद्धा सेवा आहे. विटेवरचा तो अठ्ठावीस युगे न हलता उभा आहे. आपल्याला तीन महिने न हलता पडून राहता येऊ नये काय?

रामकृष्णहरि.